दोन बाटल्यांची हकिकत

॥ श्री ॥

काटेवाडी, ता. बारामती
रविवार, दि. ४ फेब्रुवारी १९९६

मा. मानसिंगराव यांस,
मनिषाचा सविनय नमस्कार. वि. वि.

लग्नाआधी मुलीने नियोजित वराला पत्र लिहावे, अशी आमच्या घरची रीत नाही. मी तर सुपारी फुटली त्या दिवशी आपल्यापुढे पोह्यांची बशी ठेवून, मान वर न करता माघारी फिरलेली मुलगी. तरीही हे धाडस करीत आहे, त्याबद्दल प्रथम क्षमा मागते. पत्र शाळेच्या पत्त्यावर पाठवीत आहे, म्हणजे ते आपल्याच हाती पडेल.

त्या दिवशी आमच्या गोठ्याशेजारच्या खोलीचे दार ओढून घेतलेले होते. आत माझी चुलत बहीण साखरबाई होती. तिला आईवडील नाहीत. लग्न माझ्या वडिलांनी, आबांनीच लावून दिले. त्या वेळी आबांनी स्थळाची जमीन पाहिली, देवक पाहिले, विहिरीचे पाणीसुद्धा चाखून पाहिले. नवरा मालट्रकवर होता. दोन वर्षांत तो वारला, तेव्हा सासरच्यांनी क्षय झाल्याचे सांगितले. पुढे साखरबाईला ताप येऊ लागला आणि तपासणीत एड्सचा विषाणू निघाला. आता तिचे ताट, तांब्या, अंथरूण सारे वेगळे आहे. एका ताटात जेवल्याने किंवा अंगाला हात लावल्याने हा रोग होत नाही, हे आमच्या प्राणिशास्त्राच्या बाईंनी वर्गात स्पष्ट सांगितले आहे. मी घरी तसे सांगितले, तर आई म्हणाली, की तुझ्या पुस्तकाला काय जातंय सांगायला, पुस्तकाला लेकरंबाळं हायत व्हय. मी रोज संध्याकाळी तिच्या खोलीत जाऊन बसते. ती मला एकच विचारते, की लग्नाआधी कुणी त्यांचं रक्त का बघितलं न्हाय गं?

तिच्या या प्रश्नासाठी हे पत्र आहे. ही साथ जगभर पसरली आहे आणि ती माणसाच्या तोंडावर लिहिलेली नसते. लग्नापूर्वी आपण दोघांनी रक्त तपासून घ्यावे, अशी माझी विनंती आहे. आपल्या वागणुकीविषयी मला तिळमात्र शंका नाही. एकट्या आपल्याला सांगणे शोभणार नाही, म्हणून मीही तपासून घेणार आहे. माझ्या अंगात तर दोन बाटल्या परके रक्त आहे. ती हकिकत आबांनी आपणास सुपारीच्या दिवशी ऐकवलीच असेल. आलेल्या पाहुण्याला ती ऐकवल्याशिवाय ते चहाला हात लावू देत नाहीत.

रागावला असाल, तर पत्र फाडून टाकावे आणि पोह्यांत मीठ जास्त झाले होते एवढेच लक्षात ठेवावे. घरातील वडीलधाऱ्यांना, न कळवता, माझा नमस्कार.

आपली नम्र,
मनिषा

*

निमगाव केतकी, ता. इंदापूर
रविवार, दि. ११ फेब्रुवारी १९९६

मनिषा यांस,
मानसिंगचा स. न. वि. वि.

मायन्यातच दोन कागद वाया गेले. चि. सौ. कां. लिहिले, तर लग्नपत्रिकेवरून उतरवल्यासारखे दिसले. नुसते मनिषा लिहिले, तर हजेरी घेतल्यासारखे. अखेर ‘यांस’ जोडून सुटका करून घेतली. पोह्यांत मीठ जास्त नव्हते, मुळीच नव्हते.

तुमचे पत्र दोनदा वाचले. पहिल्यांदा राग आला, हे खरे सांगतो. दुसऱ्यांदा साखरबाईंचा प्रश्न वाचला आणि राग धरायला जागा उरली नाही. त्या दिवशी ओढलेले दार मीही पाहिले होते. आत कडबा असेल असे वाटले.

चूक माझी एवढीच झाली, की आईला सांगून टाकले. चुलीपुढची फुंकणी खाली ठेवून ती म्हणाली, की पोरगी नांदायला येणार हाय का दवाखाना मांडायला? आमच्या सात पिढ्यांत कुणी रगत काढून सोयरीक केली न्हाय, आणि माझ्या लेकावर वहीम घेणारी ही कोण टिकोजी? मी म्हणालो, की ती स्वतःचंही तपासणार आहे. त्यावर आई म्हणाली, की मग तिच्यातच काय तरी खोट आसंल. दोन दिवस माझ्या भाकरीवर लोणी पडलेले नाही. पण आमच्या मातोश्री प्रयागबाईंचा राग फार टिकत नाही. त्यांना रागाबरोबर गप्प राहणे जमत नाही.

मी पुढच्या आठवड्यात पुण्याला जाऊन येतो. मात्र एक कबुली द्यायची आहे. मी सुईला घाबरतो. शाळेत लस टोचायला आले, की मुलांना धीर देता देता मास्तरच भिंतीकडे तोंड करून उभे राहतात. हे काटेवाडीत कुणाला सांगू नये.

आणि होय, आबासाहेबांनी ती हकिकत सांगितली. उसाच्या ट्रॉलीवरून तुम्ही दहावीच्या वर्षी कशा पडलात, डॉक्टरांनी रक्त मागितल्यावर दवाखान्याच्या दारात जमलेली भावकी कशी पांगली आणि आबासाहेबांनी दुसऱ्याची फटफटी मागून घेऊन दोन बाटल्या कशा पैदा केल्या. सांगताना त्यांनी दोन्ही हात असे धरले होते, की जणू बाटल्या अजून हातातच आहेत. आमची आईसुद्धा तेव्हा पदर डोळ्याला लावत होती, याची तिला आता आठवण करून देणार आहे.

उत्तर लिहावे. पोस्टमन मला आता ओळखू लागला आहे, त्याची निराशा करू नये.

आपला,
मानसिंग

*

काटेवाडी
शुक्रवार, दि. ८ मार्च १९९६

मा. मानसिंगराव यांस,
मनिषाचा सविनय नमस्कार. वि. वि.

आपल्या मधल्या पत्रात रक्त देऊन आल्याचे वाचून मला हसू आले आणि मग हसल्याची लाज वाटली. भिंतीकडे तोंड करून का होईना, आपण माझा शब्द राखला. इतका मान मला आजवर फक्त गुणपत्रिकेने दिला होता.

मीही परीक्षेच्या कामाचे निमित्त करून बाईंबरोबर पुण्याला जाऊन आले. काल त्यांनी निरोप दिला, की पुन्हा एकदा रक्त द्यावे लागेल. बहुधा पहिले कमी पडले असावे. माझ्या हाताची शीर लवकर सापडत नाही. काळजीचे कारण नाही. बाई मात्र नेहमीसारख्या रागावल्या नाहीत, डबा आणला का एवढेच विचारीत राहिल्या.

साखरबाईने आपला फोटो मागून पाहिला. म्हणाली, की मास्तरांचं नाक बरं हाय, पन कान पोरांनी पिळल्यावानी हायत. मी आपली बाजू घेतली नाही, क्षमा असावी.

आपल्या मातोश्रींचा राग निवळला असेल, तर माझा नमस्कार सांगावा. नसेल, तर निवळेपर्यंत आपल्याकडेच जपून ठेवावा.

आपली,
मनिषा

*

निमगाव केतकी
गुढीपाडवा, दि. २० मार्च १९९६

प्रिय मनिषा हिस,
मानसिंगचे पाडव्याचे सप्रेम आशीर्वाद.

‘यांस’ गाळले आहे. चालत नसेल, तर पुढच्या पत्रात कान पिळावा. साखरबाईंच्या मते तो तयारच आहे.

माझा निकाल आला. रक्तात काही नाही. आईला सांगितले, तर ती म्हणाली, की ते मला आधीच ठावं व्हतं, उगा यष्टीला पैसं घातलंस. पण आज गुढी उभारल्यावर तिनेच सोनाराकडे जाऊन मंगळसूत्राचे मणी ओवायला टाकले आणि येताना शेजारच्या सिंधुबाईंना सांगत आली, की आमची सून लई शानी हाय, लग्नाआधी समदं पारखून घेती.

मीही एक गोष्ट केली आहे. सुताराकडून काचेच्या दारांचे कपाट करून घेतले. खालचा कप्पा माझा, वरचे तीन तुझ्या पुस्तकांचे. आईला वाटते, ते भांड्यांसाठी आहे. हे भांडण तू आल्यावर तूच मिटवायचे.

तुझ्या दुसऱ्या तपासणीचे तू काही लिहिले नाहीस. शीर सापडली का? दोन ओळी लिही.

तुझाच,
मानसिंग

*

बारामती
शनिवार, दि. १३ एप्रिल १९९६

मा. मानसिंगराव यांस,
मनिषाचा नमस्कार. वि. वि.

उत्तराला फार उशीर झाला. पहिल्या पत्रात लिहिण्याच्या धाडसाची क्षमा मागितली होती. आज न लिहिता राहिले, त्याची मागते.

माझ्या रक्तात तो विषाणू आहे. दोनदा तपासले. डॉक्टरांनी मला बसवून सर्व विचारले आणि ट्रॉलीच्या अपघातापाशी येऊन त्यांची लेखणी थांबली. ते रक्त कुणी दिले होते आणि ते तपासले होते का, असे त्यांनी विचारले. दुसऱ्या एका दवाखान्याच्या दारात रक्त विकणारा कुणी होता, एवढेच मला ठाऊक आहे. तो दवाखाना केव्हाच बंद झाला. मी खुर्चीत बसून आबांचे हात आठवीत होते, हकिकत सांगताना ते जसे धरतात तसे.

अपघाताच्या दिवशी आबांचे चुलतभाऊ सगळे दारात होते. कारखाना चालू झाला होता, ऊसतोड दारात आली होती. रक्त दिले, की वर्षभर औत धरायला बळ राहत नाही, असे एकाने म्हटले आणि सगळ्यांना ते पटले. ती माणसे वाईट नाहीत. माझ्यासाठी त्यांनी तुळजापूरला नवस बोलला आणि फेडलाही. सुपारीच्या दिवशी आपण त्यांनाच वाकून नमस्कार केला होता.

या रोगावर आज औषध नाही. सध्या मला काहीही होत नाही. काही वर्षे होणारही नाही, असे डॉक्टर म्हणाले. जपायचे कसे, तेही त्यांनी सांगितले. परवा गुरांसाठी घास कापताना विळा लागला, तेव्हा मी आईला जखमेला हात लावू दिला नाही, स्वतःच धुऊन बांधली. गावातल्या कंपाउंडरकडे गेले, की माझ्यासाठी वापरलेली सुई माझ्यासमोर मोडायला लावते. ही एवढी सावधगिरी माझ्याकडून कुणी चुकवू शकणार नाही. लग्न न करणे हा तिचाच भाग आहे.

आपला स्वभाव मला पत्रांतून कळला आहे. आपण म्हणाल, की तरीही लग्न करू. कृपा करून तसे म्हणू नका. कारण आपण म्हणालात, तर मी हो म्हणेन.

आईला मी सांगितले आहे. ती बराच वेळ चुलीतली राख सारखी करीत राहिली. मग उठून गोठ्याशेजारच्या खोलीत गेली आणि साखरबाईचे ताट आणून माझ्या ताटाशेजारी मांडले. म्हणाली, की दोघी हितंच जेवा, माझ्यासमूर. आता साखरबाई घरात झोपते. आबांना वाटते, माझे व्याख्यान अखेर आईच्या डोक्यात शिरले.

आबांना मी सांगितलेले नाही आणि सांगणार नाही. पुढे शिकायचे आहे, लग्न करायचे नाही, एवढेच म्हणाले. ते असे कधी चिडले नव्हते. म्हणाले, की चार लोकांत सुपारी फोडलीया, आता कुठल्या तोंडानं जाऊ निमगावला? मी खाली मान घालून उभी राहिले. तेव्हा ते म्हणाले, की तुझ्या अंगात जे रगत वाहतंय, ते म्या दारोदार फिरून आनलंय, आन तू माझा एवढा शबुद राखत न्हाईस व्हय गं? आई पुढे झाली, तिचे तोंड उघडले होते. मी तिचा हात धरला. तशी ती चुलीकडे माघारी फिरली.

मण्यांचे आणि कपाटाचे वाचले. मणी न ओवता सोनाराकडून परत घेऊ नका; ते कुणाच्या तरी गळ्यात चांगले दिसतील. वरच्या तीन कप्प्यांत शाळेतल्या मुलांसाठी पुस्तके ठेवा. भांडी मात्र ठेवू देऊ नका, एवढे भांडण माझ्या वतीने करा.

दोन विनंत्या आहेत. पहिली कठीण आहे. निमगावात कुणाच्या घरी रक्त लागले आणि माणसे दारात उभी राहिली, तर त्यांत आपण पुढे व्हा. रक्त दिल्याने बळ जात नाही, हे आपण मास्तर म्हणून सांगाल तर ती ऐकतील. आणि आपण सुईकडे पाहत दिलेत, तर नक्की ऐकतील. भिंतीकडे पाहून दिलेत, तरी चालेल.

दुसरी अशी, की येत्या गुरुवारी आबा आपल्याकडे माफी मागायला येत आहेत. त्यांना दारात उभे ठेवू देऊ नका. मातोश्री काही बोलल्याच, तर मुलीलाच शिक्षणाचे वेड आहे, असे म्हणून माझ्यावर ढकला. आबांना चहा द्या. ते माझ्यावर संतापलेले असतील, पण थोड्या वेळाने त्यांचा आवाज खाली येईल आणि ते दोन्ही हात पुढे धरून बाटल्यांची हकिकत सांगू लागतील. ती पहिल्यांदाच ऐकत आहात, असे ऐका. शेवटी ते विचारतील, की मी नसतो तर पोर वाचली असती का? नसती वाचली, असे म्हणा. ते खरेही आहे.

पत्राच्या अखेरीस लोभ मागायचा असतो. तो मला पुष्कळ मिळाला; उरलेला आबांना गुरुवारी द्यावा.

मनिषा

बारामतीच्या टपाल कचेरीबाहेरील पेटीत टाकले :
शनिवार, दि. १३ एप्रिल १९९६, दुपारी चार वाजून दहा मिनिटे.