नाकतोड्याचा मागचा पाय

१४ जुलै

प्रिय खिळ्या,

ताईचे आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. बाबाही ठीक. भूक आहे, झोप आहे, तोंड तर तुला माहीतच आहे.

पत्राचं कारण बागेतला तुझा लोखंडी नाकतोडा. उद्घाटनाला नगराध्यक्ष त्याला फुलपाखरू म्हणाले होते, आठवतं? तू टाळ्या घेतल्यास आणि आपल्या घराच्या वळणावरून परत गेलास. असो. बागेत येणारे निम्मे लोक अजून त्याला झुरळ समजतात. उरलेले त्याच्या मिशांना पिशव्या अडकवून फेऱ्या मारतात.

तर त्याचा मागचा पाय निखळलाय. नगरपालिका म्हणते, ज्यानं केला त्यानं महिनाअखेरपर्यंत जोडून द्यावा, नाहीतर सगळा भंगारात.

कसा निखळला ते लिहिणार नव्हते. बाबांनी तोडला.

रागानं तोडला असता तर हे पत्र मी मजेत लिहिलं असतं. ते रोज खिशात हातोडी घालून जातात आणि तुझ्या वेल्डिंगवर राहिलेली खपली ठोकून काढत बसतात. त्यातच जोड सुटला. परवा बागेचा वॉचमन दंडाला धरून घरी घेऊन आला. "ताई, काका किड्याला बदडतात हो!" बाबा त्याच्यावरच डाफरले, "बदडतो कसला? साफ करतोय. असा माल गिऱ्हाइकाला देतात का?"

त्यांच्या लेखी आपलं गेट-ग्रिलचं वर्कशॉप अजून चालू आहे. त्या जागेत आता मोबाइल विकतात. बाबा दारात उभे राहून तिथल्या पोरांना विचारतात, गेट रंगाला का गेलं नाही? मला 'बाई' म्हणतात. मी ऑफिसातली कारकून. पगार वेळेवर मिळतो ना, असं अगत्यानं विचारतात. मी नाही म्हणून सांगते.

काल मी त्यांच्यासोबत बागेत गेले. तुटलेल्या जोडावरून अंगठा फिरवत म्हणाले,

"बाई, हे काम कुणाचं?"

"तुमच्या मुलाचं."

"मला मुलगा नाही."

तू घर सोडलंस तेव्हा हेच वाक्य अख्ख्या गल्लीनं ऐकलं होतं. गेट सोडून किडे करणारा मुलगा मला नाही, म्हणून. काल ते अगदी सहज म्हणाले, कुणी किती वाजले सांगावं तसं. खिळ्या, तो आरडाओरडा बरा होता रे.

मग पुन्हा अंगठा फिरवला. "घाई करतो. पण हात आहे पोराला. ठेवून घ्या त्याला कामावर."

तेव्हा हे नेमणुकीचं पत्र समज. पगार नाही, वर्कशॉप नाही, मालक तुला ओळखणार नाहीत. ओळख सांगत बसू नकोस, ओरडले तर ऐकून घे आणि सरळ कामाला लाग. वेल्डिंगचं सामान तेवढं घेऊन ये.

हातोडी त्यांच्याकडे आहे.

मालकांच्या वतीनं,
बाई
(तुझी ताई)