दोष ड्रायव्हरमध्ये होता

३ फेब्रुवारी, सोमवार
प्रेस ऑपरेटर सुजितला घरी बसवलं! चाकणच्या कारखान्यात प्रेसची लाइन परत बंद पडली आणि ठपका त्याच्यावर – केबल ओढली म्हणे. प्रेसच्या हादऱ्यानेच ती सैल होते. आमचा नेटवर्कचा डबा बसवायला मी गेले होते तेव्हा त्यानेच मला दाखवलं होतं. आणि निघाली केबल, तरी अख्खी लाइन बंद पाडत डबा का मरावा? डबा आमचा, त्यातला ड्रायव्हर, म्हणजे केबलचा भाग चालवणारा प्रोग्रॅम, आमचा, शिक्षा ऑपरेटरला.

४ फेब्रुवारी
ऑफिसात दिवसभर केबल काढ, केबल लाव. दर वेळी मरत नाही, हाच वैताग. दुपारी एकदाचा मेला. नल पॉइंटर. म्हणजे कर्नल, डब्याच्या सिस्टिमचा गाभा, मेमरीतल्या अशा पत्त्यावर गेला जिथे काहीच नाही.

६ फेब्रुवारी
सापडलं. केबल निघाली की ड्रायव्हर मेमरी सोडून देतो, पण त्याचा टायमर चालूच राहतो. मागाहून तो त्याच मेमरीकडे जातो – आणि डबा आडवा.
आमचे टीम लीड नंदकिशोर सर म्हणाले, "एक अट टाक. पत्ता रिकामा असेल तर परत फिर. विषय संपला."
नाही संपला. तपासताना पत्ता असेल आणि पुढच्याच क्षणी जाईल, मग? आधी टायमर थांबवायचा, मगच मेमरी सोडायची. तसंच लिहिलं. केबल उपटून उपटून बोटं दुखली. डबा जिवंत.

७ फेब्रुवारी
रिपोर्टमध्ये सरांना हवं होतं, 'सुधारणा केली.' मी लिहिलं, 'दोष ड्रायव्हरमध्ये होता. ऑपरेटरची चूक नाही.'
"अनुया, हे कस्टमरकडे जाणार आहे. ते ऑपरेटरचं काढ."
"नाही काढणार."
"मी काढतो मग."
"काढा. माझी सहीसुद्धा काढा."
कीबोर्ड त्यांच्यापुढे सरकवला.
शेजारचा सलिल नंतर म्हणाला, "कशाला नडतेस? अप्रेझल तोंडावर आहे."
असू दे.

१० फेब्रुवारी
बिनसहीचा रिपोर्ट कस्टमरने परत पाठवला. सर माझ्याशी बोलत नाहीत. पण संध्याकाळी माझाच रिपोर्ट गेला. अख्खा.

१३ फेब्रुवारी
सुजितचा फोन. कंपनीने कामावर बोलावलंय, पण तो गेटवरच उभा आहे. "मॅडम, चूक माझी नव्हती हे सगळ्यांसमोर सांगा म्हटलं साहेबांना. तोवर आत जाणार न्हाई." त्याच्या मागे सकाळची सगळी शिफ्ट उभी आहे.
रजा टाकली. चाकणला निघाले.