पुलाखालून न जाणाऱ्या ट्रकची निरवानिरव

मी, या कागदाच्या शेवटी सही करणार, वय वर्षे पंचावन्न, पूर्वी शाळेत संस्कृतचा शिक्षक व हल्ली एका ट्रकचा मालक आणि चालक, पूर्ण शुद्धीत, कोणाच्या धाकाने अथवा भिडेखातर नव्हे, माझ्या पश्चात माझ्या चीजवस्तूंचे काय व्हावे ते लिहून ठेवतो. पुढच्या आठवड्यात माझ्या हृदयाचे ऑपरेशन आहे. डॉक्टर एकाच भेटीत इतक्या वेळा "काळजीचं काही नाही" म्हणाले, की घरी येताच मी कागद काढला. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही, कारण देण्यासारखे काही नव्हते. आजही फारसे नाही. पण कोणाला तरी घ्यावेच लागेल असे एक आहे.

कलम पहिले. घर दोन खोल्यांचे असून पत्नीच्या नावावर आहे. ते मला कोणास देता येत नाही. इतकी वर्षे राहू दिल्याबद्दल मी तिचा आभारी आहे. मात्र स्वयंपाकघराच्या खिडकीबाबत माझ्याकडून अन्याय झाला आहे. आमच्या गल्लीत ट्रक उभा करायला तेवढीच जागा, त्यामुळे तो मुक्कामाला असला की ती भर दुपारी दिवा लावून भाजी चिरते. "तुम्ही घरी आलात की अंधार होतो," असे ती म्हणते. त्यात माझ्याविषयी काही सुचवण्याचा तिचा हेतू नसावा, असे मी धरून चालतो. खिडकीची भरपाई कलम चौथ्यात केली आहे.

कलम दुसरे. बँकेतील शिल्लक पत्नीस. आकडा पाहून तिने काउंटरवरच्या पोराशी भांडू नये. त्याने काही खाल्लेले नाही.

कलम तिसरे. ट्रक. वस्तू देण्याआधी तिचे वर्णन करावे लागते असे वकील म्हणाले, म्हणून करतो. लांबले तर दोष त्यांचा.

शाळेने संस्कृत बंद केले आणि मला चित्रकला शिकवायला सांगितले. मी फळ्यावर काढलेला घोडा वर्गाने एकमुखाने टेबल म्हणून ओळखला, तेव्हा मी राजीनामा दिला. गाडी चालवण्याची हौस होती. अवजड वाहनाचा परवाना काढला, फायनान्स कंपनीकडून कर्ज घेतले. जामीनदार म्हणून पत्नीचा धाकटा भाऊ, म्हणजे माझा मेहुणा, उभा राहिला. तो उभा राहिला ही गोष्ट त्याने तेव्हापासून कोणाला विसरू दिलेली नाही. कर्जाचा विमाही काढणार होतो. "नुसता खर्च! भाऊजी, तुम्हाला काय धाड भरलीये?" असे तोच म्हणाला. धाड कोणती, ते आता डॉक्टरांच्या कागदावर आहे.

चासी, म्हणजे इंजिन-चाकांचा नुसता सांगाडा, घेऊन बॉडी बांधायला गेलो त्या दिवशी मेहुणा गाद्यांच्या कारखान्याच्या मालकाला घेऊन आला. त्यांना सगळे गादीशेठ म्हणतात.

"मास्तर, गादीला वजन नसतं, जागा लागते," शेठ म्हणाले. "बॉडी हातभर उंच बांधा. जन्मभर माल देतो."

बॉडी बांधणाऱ्या मिस्त्रीने पेन्सिल कानावर खोचली. "एवढी उंच गाडी बाजाराच्या पुलाखालून जायची नाही हं."

"बाजारात कोणाला जायचंय?" मेहुणा म्हणाला. "बांधा हो भाऊजी. आमची गाडी कशी उठून दिसली पाहिजे!"

दिसते. सगळ्या गावातून दिसते.

या गावातला धान्याचा, फरशीचा, लोखंडाचा सगळा माल त्या पुलापलीकडे भरला जातो. वळसा घालून गेलो, तरी बॉडीच इतकी अवजड की पुरेसे वजन घेता येत नाही. मालाचे दलाल मला लांबूनच नमस्कार करतात. उरल्या गाद्या. हे शेठना माझ्याआधी उमगले होते. डिझेल चढत गेले आणि माझे भाडे उतरत गेले. तक्रार केली की ते गोड आवाजात म्हणतात, "परवडत नसेल तर दुसरीकडे बघा की, मास्तर." त्यांच्या कचेरीच्या खिडकीतून तो पूल दिसतो.

मग बॉडी कापून ठेंगणी का करत नाही, असे मला पुष्कळांनी विचारले आहे. ट्रक फायनान्स कंपनीकडे तारण आहे. त्याला करवत लावायची तर कंपनीची परवानगी लागते. कंपनी म्हणते, आधी थकलेले हप्ते भरा. ते भरायचे तर दुसरा माल हवा. दुसरा माल हवा तर बॉडी कापायला हवी. न्यायशास्त्रात याला अन्योन्याश्रय म्हणतात आणि तो दोष मानतात. कंपनीत त्याला धोरण म्हणतात.

गेल्या महिन्यात कंपनीचा वसुलीवाला घरी आला. सभ्य माणूस, चपला बाहेर काढल्या, पाणी मागून प्यायला. म्हणाला, हप्ता निम्मा करून देतो, मुदत वाढवून देतो, फक्त सहकर्जदार म्हणून मुलीची सही द्या.

आमची एकुलती एक मुलगी नोकरी करते आणि रविवारी माझ्याबरोबर गाद्या भरायला येते. अवजड वाहनाचा परवाना तिने मला न सांगता काढला आणि रिव्हर्स माझ्यापेक्षा सरळ घेते.

"द्या इकडे पेन," ती म्हणाली.

"ठेव खाली."

"अहो, एक सही तर आहे," पत्नी म्हणाली.

"माझीही एकच होती."

"बाबा, पण मला गाडी चालवायला आवडते."

"चालव ना. सही करू नकोस."

"फरक काय दोन्हींत?"

"गाडीतून उतरता येतं."

त्यावर ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. वसुलीवाला मात्र दर सोमवारी येतो, तोच कागद घेऊन. मी ऑपरेशन टेबलावर असेन त्या सोमवारीही येईल. हे मृत्युपत्र मी त्या सोमवारच्या आधी लिहीत आहे, आणि ते याच एका कारणासाठी आहे.

कलम चौथे. सबब, सदर ट्रक मी माझ्या मेहुण्यास देत आहे. तो चारचौघांत त्याला "आमची गाडी" म्हणतो. त्याचा शब्द मी खरा करतो. जामीनदार म्हणून कर्ज त्याच्याकडे जाणारच आहे, तर निदान चाकांसकट जावे. अटी पुढीलप्रमाणे. ट्रक त्याने स्वतःच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर उभा करावा. चालक म्हणून माझ्या मुलीस ठेवल्यास तिचा पगार आधी द्यावा, हप्ता नंतर. तिने कोणत्याही दिवशी, कारण न सांगता, किल्ली त्याच्या हातात ठेवली तर ती मुकाट्याने घ्यावी. आणि तिच्यापुढे कंपनीचा कोणताही कागद सरकवू नये.

हे कलम मी त्याला वाचून दाखवले.

"भाऊजी, पण मला गाडी चालवता येत नाही!"

"मलाही परवडत नाही. चालवतोच आहे ना?"

त्याने कागद माझ्या हातातून घेतला आणि कलम स्वतः पुन्हा वाचले. कुठलाही कागद त्याने दुसऱ्यांदा वाचलेला मी पहिल्यांदाच पाहिला. मग म्हणाला, "कंपनीच्या मोठ्या साहेबाला मी भेटू का? बॉडीचं बोलतो." भेटावे. लोकांना उंच गोष्टींना तयार करणे त्याला जमते. ठेंगण्या गोष्टीला जमते का, पाहू. माणूस वाईट नाही. माझ्यासाठी रक्त द्यायला सगळ्यांत आधी तोच गेला. सगळ्यांना सांगून गेला, पण गेला.

कलम पाचवे. संस्कृत शब्दकोश, जाड, दोन खंड. माझी उंची बेताची असल्याने मी आजवर त्यावर बसून गाडी चालवली. पत्नीला हे कधीच पटले नाही. दोन्ही खंड तिला. झटकून घ्यावेत.

कलम सहावे. गादीशेठना काही नाही. त्यांनी माझ्या मुलीच्या लग्नात डबल गादी देण्याचे कबूल केले होते, ती तिने घेऊ नये. घेतलीच तर वाहतूक त्यांच्या खर्चाने.

कलम सातवे. मुलीस माझी हत्यारांची पेटी: जॅक, पान्यांचा संच, हातोडी, दोरखंड, चांगली ताडपत्री. यातले काहीही कोणाकडे गहाण नाही. तिला आणखी द्यावे असे फार मनात होते.

ऑपरेशन नीट झाले तर हा कागद कपाटात जाईल आणि मी दोन महिन्यांत पुन्हा शेठच्या फाटकाशी, गाद्यांखाली. डॉक्टर ही आनंदाची बातमी म्हणून सांगतात. मीही तशीच ऐकतो. पण त्यानंतरचे सोमवारही यायचे आहेत, म्हणून कलम चौथे मी जिवंत असतानाही घरात पाळले जावे, अशी माझी विनंती आहे.

हे सर्व वाचून, समजून, बदलायचे तेवढे बदलून सही केली.

सही: मालक व चालक

साक्षीदार: गल्लीच्या तोंडावरचा पंक्चरवाला. (सही करताना म्हणाला, "मास्तर, ट्रक मला दिला नाहीत, उपकार झाले.")

साक्षीदार: शाळेतला जुना शिपाई, ज्याने तो घोडा पुसला.

ठिकाण: राहते घर, दिवा लावून. तारीख वकिलांच्या शिक्क्यात आहे. आमच्या घरात तिला रविवार म्हणतात.

टीप: लिहून होईपर्यंत मुलगी शेजारीच बसली होती. तिने विचारले, "मी कुठे सही करू?" ज्याला मृत्युपत्रात काही मिळते त्याने साक्षीला सही करायची नसते, असे वकिलांनी सांगितले. पेटी तिला तेवढ्यासाठीच दिली आहे. या कागदावर तिची सही नाही.