शाफ्ट, शोरूम आणि आक्काचा नेम

रवि. २ नोव्हें.
गारगोटीला आत्याकडं गेलतो. येताना उसाच्या ट्रॉलीला ओव्हरटेक करत होतो आणि मधेच गाडीचा जोर गेला. इंजिन बोंबलतंय, मागचं चाक ढिम्म. समोरनं एस.टी. आली, कशीबशी गाडी ट्रॉलीच्या मागं परत घेतली. ड्रायव्हरनं जाता जाता आईवरनं शिवी हासडली, बरोबरच हासडली. कडेला लावून बसलो.

बांधावर दोघं वैरण कापत होते, ते आले. “पावणं, चेन तुटली जणू?” म्हटलं, हिला चेन नसते, शाफ्ट असतोय, दांडा. आतल्या आत फिरतो. “चेन न्हाय? मग चालती कशी?” “न्हाय चालत,” म्हटलं. लई हसले.

घेताना मीच अख्ख्या गल्लीला ऐकवलतं. चेन नाही, ग्रीस नाही, तुटायची भानगडच नाही. आता घ्या.

आत्याला फोन करून दुधाचा टेम्पो मागवला, त्यात घालून आणली. नशीब वॉरंटीत आहे. वर्ष पण झालं नाही अजून. आक्काला एस.टी.चं सांगायचं नव्हतं, पण मी घरी पोचायच्या आत आत्यानं फोनवर सगळं वाजवून सांगितलेलं.

मंगळ. ४
हायवेवरच्या शोरूमला गाडी टाकली. सर्व्हिस ॲडव्हायझर तन्मय. गळ्यात आयकार्ड, भाषा पुण्याची. “डोन्ट वरी सर, वॉरंटीत आहे. गुरुवारी घेऊन जा.” कॉफी पण पाजली. म्हटलं, घरी आक्काला घोर लागलाय. “आक्का म्हणजे मोठी बहीण का सर?” न्हाय, आई. आमच्यात आईला आक्का म्हणतात. “मग आईंना सांगा, गुरुवार म्हणजे गुरुवार.”
घरी येऊन सांगितलं. आक्काला बरं वाटलं.

बुध. ५
आक्कानं डोक्याला ताप करून ठेवला. सकाळी जैन बस्तीत दर्शनाला गेलती, तिथं चातुर्मासाला उतरलेल्या माताजींच्या पुढं नेम घेऊन आली. अजितची गाडी दुरुस्त हुन दारात लागत न्हाय तवर दूध, दही, ताक, तूप बंद. पोराच्या जिवावरचं टळलं म्हणून.

अगं पण विचारायचं तरी! तर म्हणते, “एका दिवसाचा तर प्रश्न हाय. त्यो गुरुवार म्हणालाय न्हवं?”

शोरूमवाल्याच्या शब्दावर नेम घेणारी बाई अख्ख्या कोल्हापुरात एकच असेल, आणि ती आमच्याच घरात निघायची होती.

सुजाताचं तोंड उतरलंय. बायको म्हणून माझी जेवढी काळजी करत नाही तेवढी ती सासूची करते. तिचं पण खरं आहे. आक्काला दात नाहीत. सूर्य मावळायच्या आत दूध-भाकरी कुस्करून खाणार, तेवढ्यावरच चाललेलं सगळं. बघू, उद्या नेम सुटेल.

गुरु. ६
सुटला नाही.
“सर, डायग्नोसिस चालू आहे.” अरे बाबा, चाक फिरत नाही हे डायग्नोसिस ती वैरणवाली माणसं रस्त्यावर उभ्या उभ्या करून गेली!
आक्का शांत. “न्हाय झाली? बरं. उद्या हुईल.” मुगाच्या कढणात भाकरी बुडवून खाल्ली. अर्धी ठेवली.

सोम. १०
उघडून दाखवली. शाफ्टच्या टोकाचे दाते झिजून पार गुळगुळीत. नवा पुण्याहून येणार होता. पुण्यात नाही. मग चेन्नईहून. चेन्नईत नाही. आता “बाहेरून येतोय सर.” बाहेरून म्हणजे कुठून ते तन्मयला पण माहीत नसावं.

मी एक आयडिया काढली. आहे तशी गाडी टेम्पोनं आणायची, दारात लावायची, आक्कानं दूध प्यायचं, गाडी परत न्यायची. आक्कानं असं बघितलं माझ्याकडं. “दुरुस्त हुन म्हटलंय मी. मला खुळी समजतोस व्हय रं?”

सु. म्हणाली, माताजींनाच विचारू, नेम सोडवता येतोय का. बस्तीत चौकशी केली तर त्यांचा विहार झालेला. चातुर्मास संपल्यावर त्या कशाला थांबतील! पायी निघाल्या, निपाणीच्या पुढं गेल्या म्हणे. माझी गाडी असती तर तासाभरात गाठलं असतं.

शुक्र. १४
पार्ट आला. चुकीचा आला. जुन्या मॉडेलचा, चार बोटं आखूड. तन्मय म्हणे, “सिस्टीमचा एरर.” माझी कानशिलं तापली. टेबलावर हात आपटला, पेनांचा डबा पडला. मग मीच वाकून पेनं गोळा केली, ते वेगळंच.

घरी आलो तर आक्काला न्हाणीत घेरी आलेली. सु.नं धरलं म्हणून वाचली. डॉक्टर घरी येऊन गेले. अशक्तपणा, दूध चालू करा. मी आक्काकडं बघितलं, आक्कानं भिंतीकडं. “डॉक्टर, तुमास्नी गाडी दुरुस्त कराय येती का?” डॉक्टर हसले. मला हसू आलं नाही. भीती वाटली. पहिल्यांदाच वाटली.

मंगळ. १८
कंपनीचा मेल. शाफ्टावरचं रबरी टोपण, त्याला बूट म्हणतात, ते फाटून आत पाणी गेलं, तुम्ही धुताना प्रेशरचा फवारा मारलाय, सबब वॉरंटीत बसत नाही. फवारा! मी गाडी फडक्यानं पुसतो. बाळंतिणीच्या पोरागत पुसतो म्हणून गल्ली हसते मला.

तन्मयनं बाजूला घेतलं. “सर, एक मार्ग आहे. चूक तुमच्याकडून झाली असं लिहून सही द्या. मग कंपनी गुडविल म्हणून फुकट करून देईल. आठवड्यात गाडी.”

म्हणजे माल त्यांचा खराब आणि कबुली माझी. उद्या परत असंच झालं तर बोलायला तोंड नाही. आणि परत समोर एस.टी. असली तर? मी नसलो, दुसरा कोण असला तर?

खरं लिहितो, पेन हातात घेतलं होतं. आक्काचे खप्पड गाल दिसत होते. सही करणारच होतो. मग म्हटलं, उद्या येतो.

बुध. १९
आक्काला सांगितलं. वाटलं, म्हणेल कर सही, सुटू दे एकदाचं.
“तू फवारा मारलास?”
न्हाय.
“मग लिवायचं न्हाय.”
म्हटलं, आक्का, तुझ्या दुधासाठी...
“माझ्या दुधाचं नाव घ्यायचं न्हाय मधी. खोटं लिवून आणलेल्या गाडीनं नेम सुटत न्हाय. वर आणि दोष लागतोय.”
लई भांडलो. बोलू नये ते बोललो, मरशील अशानं म्हणालो. ती म्हणाली, “मग त्यांच्याशी भांड की. माझ्याशी काय भांडतोस?”
शाहूपुरीत आमच्या दुकानात जाऊन नुसता बसून राहिलो. प्लायवूड बघायला आलेल्या एका गिऱ्हाइकावर उगंच खेकसलो. ते गेलं.

शुक्र. २१
सकाळी उठून आक्का म्हणते, “मी येतो. बघू दे तरी मला त्यो गुरुवारवाला.” नको म्हटलं. ऐकते होय! लुगडं नेसून दारात उभी.

रिक्षानं गेलो. शोरूममधल्या सोफ्यावर मधोमध बसली, कडेला चकाकत्या गाड्या. जपमाळ काढली. कॉफी आली. “दूध हाय न्हवं त्यात? न्हाय चालत.” बिस्किटं आली. “लोणी असतंय.” मग ज्यूस. “बाहेरचं पाणी बी घेत न्हाय मी.” तन्मय घाबरून माझ्याकडं. सर, आजी काहीच का घेत नाहीत? सांगितलं, तुम्ही गाडी देईपर्यंत सोडलंय तिनं.

त्यानं आत जाऊन मॅनेजरला काय सांगितलं असेल? आजी उपोषणाला बसल्या! मॅनेजर पळतच बाहेर. “आजी, असं टोकाचं काही करू नका, आपण चर्चा करू.”
“उपोषण कसलं? नेम हाय. तुमच्या ह्यानंच गुरुवार सांगितला, म्हणून तर घेतला.”

तन्मय जमिनीकडं बघत होता. तेवढ्यात गाडी घ्यायला आलेलं एक कुटुंब, इचलकरंजीकडचं, जवळ येऊन बसलं. काय झालं आज्जी? झालं! आक्कानं सुरुवातीपासनं धरलं. ऊस, ट्रॉली, एस.टी., सगळं. “आतला दांडाच झिजतोय बाबा. बघून घे हो.” त्या पावण्यानं बुकिंगचं पेन खाली ठेवलं. बायकोनं तर पर्सच उचलली.

मॅनेजरनं माझ्यासमोर हेड ऑफिसला फोन लावला. आत जाऊन बोलला, बाहेर येऊन बोलला, घाम पुसला. वॉरंटी मंजूर. सही-बिही काही नको. नाद खुळा, आक्का!

रिक्षात बसवताना तिचा दंड धरला. हाताला नुसतं हाड लागलं.

मंगळ. २५
शाफ्ट आला. ह्या खेपेला दुकानातनं टेप घेऊन गेलो, मोजून बघितला. तन्मय म्हणाला, “सर, थोडा ट्रस्ट ठेवा.” गप बस म्हटलं.
आक्का दोन दिवस झाले बस्तीत जात नाही. पायऱ्या चढवत नाहीत. घरातच जप. सु. रात्री रडली.

शनि. २९
गाडी मिळाली! दुपारी ताब्यात. तन्मयनं हार घातला गाडीला, फोटो काढला. मी पण हसलो फोटोत. राग कुठं गेला काय माहीत.

सु.ला फोन केला, दूध तापव. तिनं दारात रांगोळी काढलेली. गल्लीतली चार माणसं उभी. पण मी सरळ घरी आलो नाही. म्हटलं, रंकाळ्याला एक चक्कर टाकून नीट बघून घेऊ.

चढाला गिअर टाकला की मागनं खड् असा आवाज. बारीक. परत उतरून, परत चढून बघितलं. चार वेळा केलं. तीन वेळा आला, एकदा नाही.

तन्मयला फोन. “नवीन पार्ट आहे सर, सेट होईल. पाचशे किलोमीटर चालवा, नाही गेला तर आणा.” होत पण असेल. नवी चप्पल पण करकरते. मला काय कळतंय शाफ्टातलं? आणि हा तन्मय. ह्याचा शब्द धरायचा म्हणजे...

दारात लावली. आक्का भिंतीला धरून बाहेर आली, टाकीवरनं हात फिरवला. कुंकू लावलं. सु.नं पेला आणून हातात दिला, साय-बिय सगळं घालून. किती दिवसांनी तिच्या तोंडावर हसू. आक्का पेला तोंडापाशी नेऊन थांबली. “नीट झाली न्हवं रं, अजित?”

म्हटलं, हेल्मेट ठेवून येतो. आणि वर येऊन हे लिहीत बसलोय. कुणाला विचारू?

व्हय म्हटलं आणि झाली नसली, तर तिचा नेम मोडला, तो पण माझ्या तोंडानं. न्हाय म्हटलं तर ती पेला खाली ठेवणार. ओळखतो मी तिला. परत शोरूम, परत पार्ट, परत बाहेरून येतोय सर. तेवढं तिच्यात उरलंय का?

माहीत नाही म्हणावं? खरं तर तेच आहे. पण त्यावर ती काय करेल?

खिडकीतनं दिसतंय, ऊन समोरच्या भिंतीवरनं वर चाललंय. एकदा मावळलं की आज काही खायची नाही. सु. जिन्यापाशी येऊन उभी आहे.

आक्काची हाक आली. “अजित, दिवस चाललाय बघ. सांग की, पिऊ का नको?”