वळणावरून हलले

१० जुलै, गुरुवार

घाबरले आहे. हे फक्त इथं लिहिते, कारण बाकी सगळे मला शूर समजतात! गेल्या सप्टेंबरात सायकलवरून पडून गळ्याजवळचं हाड मोडलं तरी इशबेल पुन्हा सायकलवर बसली, असं उना सगळ्यांना कौतुकाने सांगत असते. बसले खरी. पण उतार आला की हात ब्रेकवर आवळले जातात आणि सुटतच नाहीत. आज तीनदा उतरून चालत खाली आले. तिन्ही वेळा सांगितलं, टायर बघत होते. रॉरी म्हणाला, "तुझे टायर कागदाचे आहेत का गं?" हसले सगळे. मीही हसले.

आम्ही पाच जण, चार दिवस, पूर्व किनाऱ्यापासून पश्चिम किनाऱ्यापर्यंत डोंगरातून. सगळ्यात पुढे फिनले — शाळेत भूगोल शिकवतो, रस्त्यावरही शिकवतोच. उना त्याची बायको. रॉरी गावातले नळ दुरुस्त करतो आणि तोंड बंद ठेवत नाही. सगळ्यात शेवटी टॉर्मोड. वय अडुसष्ट, आयुष्य बोटींची इंजिनं उघडण्यात गेलं. बारा वर्षं आमच्या सायकल क्लबचा शेवटचा सायकलवाला तोच. शेवटच्याने कुणाला मागे राहू द्यायचं नाही, हे त्याचं काम.

निघताना फिनलेने नेहमीचा धडा म्हटला. "वाट फुटते अशा वळणावर माझ्या मागे जो असेल तो उभा राहून वाट दाखवील. टॉर्मोड येईपर्यंत हलायचं नाही. आणि वळणावर कुणी उभं नसेल तर — सरळ जायचं." आम्हाला पाठ आहे. रॉरी मागून ओठ हलवत होता.

उद्या 'जिना' आहे. खिंडीपलीकडचा तो खडकांचा उतार. हे नाव ज्याने ठेवलं त्याला गाठून विचारायचंय, तुझ्या घरचा जिना असा आहे का रे?

टॉर्मोड हळूच म्हणाला, "पोरी, घाबरतेस?" मी म्हटलं, नाही. "बरं," म्हणाला आणि त्याच्या डब्यातली साखरेची वडी दिली.

११ जुलै, शुक्रवार, संध्याकाळ

टॉर्मोड आलेला नाही.

साडेआठ वाजलेत. बाहेर अजून लख्ख उजेड आहे. आम्ही दरीतल्या बॉथीत आहोत — दगडी भिंती, पत्रा, कुणीही यावं आणि पाठ टेकावी. पाच सायकली यायला हव्या होत्या, चारच आल्या. फिनले आणि उना परत खिंडीकडे शोधायला गेलेत. रॉरी बारा मैलांवरच्या शिकारबंगल्याकडे गेलाय, फोन तिथंच लागतो. मला म्हणाले, तू थांब, तो आला तर कुणीतरी हवं. मी थांबलेय.

काय झालं ते नीट लिहिते.

दुपारी खिंडीखालच्या वळणाला फिनलेच्या मागे मी होते. डावीकडे खिंड आणि जिना. सरळ जुना गाडीरस्ता, नदीकाठाने. फिनले म्हणाला, "थांब इथं," आणि डावीकडे गेला. दहा मिनिटांत उना आणि रॉरी गेले. राहिला टॉर्मोड.

वारा पडला. आणि चावरी चिलटं आली! जुलैत, ओल्या नेच्यात, वारा नसताना उभं राहिलेल्यालाच कळेल. डोळ्यांत, कानांत, नाकात, हातमोज्यांच्या आत. तोंडावरची जाळी पिशवीच्या तळाशी. पिशवी उघडायला हात थांबवला की हात काळा! मी नाचत होते, शिव्या देत होते, रडत होते. वीस मिनिटं काढली. घड्याळ बघितलं होतं, वीसच.

मग वरच्या टेकाडावर गेले. शंभर पावलं. वर वारा होता, वाऱ्यात ती टिकत नाहीत. वळण तिथून दिसत होतं. खरंच दिसत होतं! थोडा वेळ वाऱ्याकडे तोंड करून डोळे मिटून उभी राहिले. डोळे उघडले तर ढग खाली उतरला होता. वळण नाही, वाट नाही, नेच्यात आडवी टाकलेली माझी सायकलही नाही.

अर्धा तास चाचपडत खाली आले. कुणी नव्हतं. वाटलं, गेला असेल पुढे माझ्या खालून. सायकल ओढत जिना चालत उतरले, ढुंगणावर घसरत. इथं आले, तर तो नाही.

मग फिनलेने विचारलं, "तू वळणावरच होतीस ना?"

मी म्हटलं, हो.

"आणि तो आलाच नाही?"

मी म्हटलं, नाही. पाऊण तास थांबले, मग तुम्हाला सांगायला आले.

म्हणून ते दोघं वळणाच्या आधीच्या वाटेवर शोधतायत. तिकडे तो नाही. वळणावर कुणी उभं नव्हतं. तो सरळ गेलाय.

१२ जुलै, शनिवार

सांगितलं. पहाटे पाचला. फिनले बाहेर पाणी उकळत होता. रात्रभर वळणाआधीच्या वाटेवर हाका मारून त्याचा आवाज बसला होता. बचाव पथकाची माणसंही तिकडेच होती, माझ्या शब्दावर. मी म्हटलं, फिनले, मी वळणावर नव्हते.

तो ओरडेल असं वाटलं होतं. त्याने स्टोव्ह बंद केला. "किती वाजल्यापासून?" एवढंच. मी वेळ सांगितली. तो पथकाकडे पळत गेला, बुटांचे बंद सुटलेले.

उना दारात उभी होती. तिने ऐकलं होतं. म्हणाली, "चिलटं? चिलटांसाठी?" आणि आत गेली.

पावणेआठला हेलिकॉप्टर नदीच्या बाजूला वळलेलं दिसलं. आयुष्यात देवाकडे काही मागितलं नव्हतं, आज मागितलं. नुसतं 'असू दे, असू दे'.

जिवंत आहे! जुना पूल अर्धा वाहून गेलाय, तिथं पाण्यातून पलीकडे जाताना पडला. मांडीचं हाड खुब्यात मोडलंय. कसाबसा काठावर सरपटत आला, थंडीपासून वाचायच्या नारिंगी पिशवीत शिरला आणि पडून राहिला. सोळा तास. अंग इतकं गार की पथकातल्या बाईला नाडी सापडेना. कुणी मला सांगितलं नाही, त्यांच्या बोलण्यातून ऐकलं.

१३ जुलै, रविवार

शुद्धीवर नाही. हॉस्पिटलात आत सोडत नाहीत. बाकड्यावर बसून लिहितेय.

त्याची मुलगी रोना ग्लासगोहून आली. मला ओळखत नव्हती. मीच जाऊन सांगितलं — कुणाकडून कळण्यापेक्षा बरं. तिने माझ्या तोंडाकडे बघितलं. चिलटांनी चावून माझं तोंड अजून बटाट्यासारखं सुजलंय.

"वळणावर नव्हतीस ते एक वेळ समजू शकते," ती म्हणाली. "पण मग खोटं बोललीस. एक अख्खी रात्र, इशबेल. माझा बाप तिकडे हाका मारत असेल."



१४ जुलै, सोमवार

तसाच आहे. फुप्फुसात पाणी. डॉक्टर म्हणाले, बघू. 'बघू' या शब्दाची इतकी भीती कधी वाटली नव्हती.

दुकानात गेले. औषधाच्या दुकानात काम करते म्हटल्यावर तोंड लपवून चालत नाही, गाव येतंच. मिसेस गन खोकल्याचं औषध घ्यायला आली आणि माझ्या हातून न घेता थांबली. म्हणाली, दुसरी कुणी मोकळी आहे का?

१५ जुलै, मंगळवार

क्लबची सभा. मी गेले नाही. रॉरी रात्री दार वाजवून सांगून गेला. मला काढलं नाही, पण यापुढे वळणावर कुणी माझ्यावर भरवसा ठेवणार नाही, असं फिनले म्हणाला. बरोबरच आहे. रॉरीने एकही विनोद केला नाही. त्याचीच जास्त भीती वाटली.

सायकल शेडमध्ये उलटी टांगून ठेवली. पुन्हा नाही.

१६ जुलै, बुधवार

शुद्धीवर आला! रोनाचा निरोप, दोनच शब्द: 'शुद्धीवर आले.' मी दुकानाच्या मागच्या खोलीत जाऊन रडले.

मग दुसरी भीती सुरू झाली. आता तो विचारेल, कुठं होतीस?

१७ जुलै, गुरुवार

भेटले. रोना चहा आणायला गेली तेवढा वेळ. मी पाठ केलेली माफी म्हणायला लागले, त्याने हात वर केला.

"पोरी, तू दिसलीस मला. टेकाडावर. ढग यायच्या आधी. डोळे मिटून उभी होतीस. मी मुद्दाम हाक मारली नाही."

मला कळेना. तो छताकडे बघून बोलत राहिला. जिना उतरायची त्याची हिंमत नव्हती. चार वर्षांपासून नाही, कुठलाच उतार. म्हणून तर तो सगळ्यांच्या मागे असतो, उतरून चालताना कुणी बघत नाही. यंदा गुडघ्यामुळे चालणंही जमेना. म्हणाला, तू वळणावर नाहीस हे पाहिलं आणि वाटलं, सुटलो! नियमच आहे, सरळ जायचं. नदीकाठाने गुपचूप बॉथीत पोचेन, म्हणेन वळणावर कुणी नव्हतं.

मला राग आला. इतका, की उठून उभी राहिले. एक आठवडा मी... आणि तरी खोटं बोलून घालवलेली ती रात्र माझीच. ती त्याच्यामुळे नाही.

रोना कप घेऊन आत आली. "काय म्हणत होते बाबा?" तिने मला विचारलं, त्याला नाही.

टॉर्मोडने माझ्याकडे बघितलं. एवढं घाबरलेलं माणूस मी पाहिलं नाही.

मी म्हटलं, "काही नाही. कुठं होतीस विचारत होता."