बिनआवाजाची हाक

चिरंजीव धाकट्यास थोरल्या बहिणीचे आशीर्वाद.

तू विसरला असशील म्हणून आधी ओळख देते: तुला कडेवर घेऊन जिचं अर्धं बालपण गेलं, ती मी. मागच्या पत्रात तू माझ्या गुडघ्याची चौकशी केलीस. गुडघा तुझ्या बायकोचा दुखतो, माझे दात गेलेत. तरी विचारलंस, हे काय थोडं झालं? तुझी कंबर कशी आहे? (तुझीच ना ती?)

हे पत्र नात लिहिते आहे. तिचे डोळे आता बरे आहेत. गेल्या आठवड्यात ते आले होते आणि सगळा घोळ तिथूनच सुरू झाला. ती कीटकांच्या प्रयोगशाळेत असते हे तुला ठाऊक आहे (नसेल, तर आता झालं). तुझी मक्याची कणसं पोखरते ना, त्या अळीचा पुढे पतंग होतो. त्या पतंगांची जोडी नेमकी किती वाजता जमते, ते शोधायचं हिचं काम. (इथे तिने ‘प्रजनन’ लिहिलं होतं, मी खोडायला लावलं. सहा पोरं झाली मला, हा शब्द कधी लागला नाही.) वेळ कळली की त्याच वेळी त्यांना सापळ्यात ओढता येतं. महिनाअखेर अहवाल गेला नाही, तर मात्र हिची नोकरी जाते.

पतंग जमतात अंधारात आणि नोकरदारांना रात्री झोपायचं असतं. म्हणून त्या खोलीत सकाळी दहाला दिवे घालवून रात्र करतात आणि रात्रभर दिवे लावून दिवस. त्या जिवांना कुणी सांगतही नाही. आत एक मिणमिणता लाल दिवा, तो म्हणे त्यांना दिसत नाही. बारा बरण्या, एकेकीत एक मादी. नातीचे डोळे चिकटलेले, कामातली जोडीदारीण रजेवर, साहेब दौऱ्यावर. तेव्हा तिने मलाच स्टुलावर नेऊन बसवलं. दर पाव तासाला घंटा होईल. जी मादी हाक मारत असेल, तिच्या पुढच्या वाटीत एक वाटाणा टाकायचा. माझं अक्षराशी वैर, पण वाटाण्याशी नाही.

मी बरण्यांना नणंदाजावांची नावं दिली (पाचवी तुझी बायको) आणि जाळीला कान लावून बसले. हूं नाही की चूं नाही. संध्याकाळी सहाला दार उघडलं, तेव्हा बाराही वाट्या कोऱ्या. नातीने त्या एकेक करून चाचपल्या आणि भिंतीला टेकून खालीच बसली.

“एकीनेही हाक मारली नाही, आजी?”

“एकीनेही नाही.”

“शेपूट वर करूनही कुणी बसली नाही?”

“बसल्या की, सगळ्याच बसल्या. पण तोंड कुणी उघडलं?”

तेव्हा उलगडा झाला. शेपूट वर करून वास सोडायचा, त्यावर नर येतो, आणि याला ही शिकलेली माणसं हाक म्हणतात! मग मी एकेकीचं सांगत गेले: मधली जाऊ चौदाव्या घंटेला, सोळाव्यापर्यंत आणखी नऊ जणी, थोरली नणंद अठराव्याला, तुझी बायको विसाव्याला, तीही दोनदा विचार बदलून. नातीने डोळे पुसत सगळं उतरवून घेतलं. दुसऱ्या दिवशी साहेब दौऱ्यावरून परतले, त्यांनी ते दोनदा वाचलं. भला माणूस. म्हणाले, “आजी, वेळ पटते मला. पण आठवण म्हणजे नोंद नव्हे. पुन्हा करावं लागेल.” करू म्हटलं. बाकी आमचं सगळं ठीक आहे, काही नको.

तुझी,
ताई

ता. क. काही नको हे आपलं सभ्यपणाने म्हटलं. बरण्यांतल्या सगळ्या जणी म्हाताऱ्या होऊन गेल्या आणि पुढच्या अळ्या बुरशीने मेल्या. महिनाअखेरीला तीन आठवडे उरलेत. नात तुझ्याकडे मागायला लाजते, मी नाही.

आणखी ता. क. उद्याच्या बसने कणसं पाठव. निवडलेली नकोत, कोवळी नकोत. औषध न मारलेली, आत जाड अळी असलेली तीसेक बघ. प्रत्येक कणीस वेगळ्या कागदात गुंडाळ, नाहीतर अळ्या एकमेकींना खातात. खोक्याला भोकं पाड. चांगली कणसं तुम्ही खा, किडकी तेवढी आम्हाला.