ताटलीतला नट

३ मार्च, सोमवार
लेक आली ती थेट गाडीखाली! मी चहा घेऊन उभी, बाहेर नुसते दोन पाय. म्हटलं, "पायांशीच बोलू, का तोंड बाहेर काढतेस?"
खालून आवाज — "आई, शॉकअप पार गेलेत. तेल गळतंय."
जाणारच. ह्यांनी चालवून चालवून खिळखिळी केली. ते गेल्यापासून दोन वर्षं नुसती उभी.
आठवडाभर रजा काढलीय म्हणे. चाकांचे धक्के झेलणारे चारी शॉकअप नवे घालणार, स्प्रिंगा आखूड घालणार, म्हणजे गाडी खाली बसेल, वळणावर डुलणार नाही. रविवारी गाडी घेऊन परत.
गाडी घेऊन! आधी हे गेले, आता गाडी, गाडीत बसून लेक. मग मी आणि चार भिंती.

४ मार्च, मंगळवार
उजवीकडचं पुढचं चाक काढलं. शॉकअप स्प्रिंगसकट बाहेर. मग स्प्रिंगला शिकंजे लावून पिळत बसली.
"आई, समोर उभी राहू नकोस. सुटली तर तोंड फोडेल."
"तुझ्या बापाचं तोंड जन्मभर सांभाळलं, स्प्रिंगचं काय घेऊन बसलीस!"
वरचा मोठा नट काढून तिनं ताटलीत ठेवला. त्याच्याशिवाय शॉकअप आणि स्प्रिंग एकत्र राहत नाहीत, असं स्वतःच समजावून सांगितलं मला. आणि गेली हात धुवायला.
नट आता माझ्या बटणांच्या डब्यात आहे. वय अडुसष्ट, अक्कल आठ वर्षांची!

५ मार्च, बुधवार
दिवसभर नट शोधला. मीही शोधला. फार मन लावून शोधला!

६ मार्च, गुरुवार
गाडी एका चाकाविना लोखंडी घोडीवर टेकवलेली, लंगडी. एक बाजू झाल्याशिवाय दुसरीला हात लावत नाही म्हणते. अंगणातली माती चाळून झाली. रागावली नाही, आदळआपट नाही. दुपारी माझ्या शेजारी येऊन झोपली, लहानपणीसारखी पाय माझ्या अंगावर टाकून. पाय केवढा जड झालाय! पण हलले नाही मी.
बाजारातून दुसरा नट आणावा, असं एकदाही सुचलं नाही तिला. बापावर गेलीय, असं मनात म्हटलं.

७ मार्च, शुक्रवार
लेक भाजी आणायला गेली होती. समोरचे ड्रायव्हरभाऊजी आले. तीस वर्षं बस चालवली, आता दुसऱ्यांच्या गाड्यांत नाक.
"वहिनी, आधीच गाडी छोटी, अजून खाली करून काय मुंग्या मोजायच्यात?"
"तुमची ढेरी चाकाखाली येणार नाही एवढं बघा, भाऊजी."
हसले. मग म्हणाले, "नट हरवला म्हणून अडलंय? अहो, नव्या शॉकअपच्या खोक्यात नवा नट येतोच! जुना कोण लावतं?"
ते गेल्यावर खोकं बघितलं. नवा नट आहे, चकाचक. पुडी आधीच फाडलेली.
म्हणजे पोरीला ठाऊक आहे. मग तीन दिवस माती कशाला चाळतेय?

८ मार्च, शनिवार
सकाळी चहाच्या बशीत जुना नट ठेवून बशी पुढे सरकवली. तिनं बघितलं.
"कुठे होता?"
"बटणांत."
"मला वाटलं पिठात असेल."
"आणि खोक्यातला का नाही लावलास?"
बशीतला नट गोल गोल फिरवत राहिली. मग म्हणाली, "लावते आता."
संध्याकाळपर्यंत पुढची दोन्ही चाकं झाली. पाना मीच हातात देत होते. दोनदा चुकीचा दिला — मुद्दाम नाही, खरंच!

९ मार्च, रविवार
मागचीही झाली. गाडी घोडीवरून उतरली आणि तीन बोटं खाली बसली. लेकीनं एक फेरी मारून आणली. खडखड नाही, डुलणं नाही. ह्यांच्या वेळीसुद्धा अशी नव्हती.
तिची बॅग मीच दाराशी आणून ठेवली. तोंड हसरं ठेवलं. पोरीला आणखी किती अडवायचं?
"उद्या सकाळी निघते," म्हणाली.

१० मार्च, सोमवार
निघाली नाही. रजा नव्हतीच. नोकरी जाऊन महिना झालाय. एवढं बोलली आणि कप विसळायला उठली.
कपाटाच्या वरच्या कप्प्यात ह्यांचे शर्ट होते अजून. ते मी काढले आणि तिथे तिचे कपडे लावले.